नवीन जॉइन झालात आणि लेऑफची कुजबुज सुरू झालीये? आधी हे बघा

नवीन माणूस पहिला जातो हे अर्धंच खरंय. लास्ट इन फर्स्ट आउट जास्त करून युनियन असलेल्या कारखान्यांत चालतं, ऑफिसवाल्या कंपन्यांत लिस्ट बनते ती कुठली टीम पैसे आणते आणि कुठला प्रोजेक्ट गुंडाळायचाय हे बघून. मेटाने नोव्हेंबर २०२२ मधे ११,००० लोक काढले तेव्हा रिक्रूटिंगवाल्यांना जास्त फटका बसला, कारण पुढे भरतीच कमी करायची होती, मग तिथे तुम्ही दोन महिन्यांचे काय न आठ वर्षांचे काय. गूगलने जानेवारी २०२३ मधे १२,००० जणांना काढायचं जाहीर केलं त्यातही दहा-पंधरा वर्ष जुने लोक गेलेच.

पण नव्याला धोका नाही असं पण नाही हां. सेव्हरन्स (काढताना कंपनी देते ते पैसे) बऱ्याच ठिकाणी नोकरीच्या वर्षांवर ठरतो म्हणजे तुम्हाला काढणं स्वस्त, प्रोबेशनमधे नोटीस पिरियड छोटा, अप्रेझल रेटिंगच नाही, आणि बंद दाराआड नावं वाचली जातात तेव्हा तुमच्यासाठी भांडणारं कोणी नसतं (माझ्या मते खरी भीती हीच). कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीने तर जून २०२२ मधे लोकांनी स्वीकारलेल्या ऑफरच मागे घेतल्या!

तर करायचं काय? पहिले मॅनेजरला सहज विचारा की तुम्ही कोणाच्या जागी आलात की पोस्ट नवीन काढलीये. नवीन पोस्ट आणि प्रोजेक्ट अजून प्रयोगाच्या लेव्हलला असेल तर सावध. मोठ्या कामामागे सहा महिने घालवू नका, पहिल्या दोन-तीन महिन्यांत एखादं छोटं पण दिसेल असं काम पूर्ण करा, आणि दर शुक्रवारी काय केलं त्याच्या चार ओळी मॅनेजरला मेल करा, म्हणजे उद्या त्याला वर सांगायला काहीतरी हातात असेल. मॅनेजरच्या बॉसला तुमचं नाव माहीत असलं तर अजून बरं.

ऑफर लेटर परत काढून वाचा. जॉइनिंग बोनस परत करायची अट असतेच बहुतेक, ती फक्त स्वतः सोडल्यावर लागू आहे की काढल्यावर पण, ते बघा. सॅलरी स्लिप, ऑफर लेटर आजच स्वतःच्या मेलवर घ्या, लॅपटॉपचा ॲक्सेस एका मिनिटात जातो. कंपनीच्या फाइल मात्र उचलू नका, उगाच लफडं होईल.

आणि जॉइन होताना ज्या दुसऱ्या कंपनीला नाही म्हणालात ना, त्यांच्या एचआरचा नंबर डिलीट करू नका.