परदेशातलं भाषेचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून या चुका टाळा

परदेशात वर्षभर राहून आलं की भाषा आपोआप येते, ही समजूत आपल्या नाशिकमध्ये घट्ट बसलेली आहे. तसं होत नाही. मी इथे जर्मन शिकवते. वर्ष काढून आलेली मुलं भेटायला येतात तेव्हा पाच मिनिटांत कळतं, कोण तिथे रोज जर्मन बोलत होतं आणि कोण फक्त क्लासपुरतं. हुशारीत दोघं सारखीच असतात. फरक पडतो पहिल्या दोन महिन्यांत, आणि त्याची बरीच तयारी नाशिक सोडण्याआधीच व्हायला हवी असते. म्हणून हे लिहिते आहे. बहुतेक उदाहरणं जर्मनीची आहेत. जपान आणि फ्रान्सचं जिथे वेगळं आहे, तिथे तसं सांगते.

नावाचा घोळ

आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर मात्र नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत. तिकडच्या ऑफिसमधला माणूस गुणपत्रिकेवरचा पहिला शब्द तुमचं नाव समजतो, आणि मग प्रवेशपत्रावर एक, विम्यावर दुसरं, बँकेत तिसरं अशी गत होते. प्रत्येक अर्जात पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, स्पेलिंगसकट. प्रवेशपत्रावर चूक दिसली तर इथे असतानाच ईमेल करून दुरुस्त करून घ्या. तिथे गेल्यावर बघू म्हणाल, तर त्या एका अक्षरापायी खातं अडून बसेल.

घर न बघता निघणं

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला अनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही करून दिलेला फॉर्म लागतो. आता साखळी बघा. तात्पुरत्या हॉस्टेलवर किंवा ओळखीच्याच्या सोफ्यावर राहिलात तर तो फॉर्म बहुतेक वेळा मिळत नाही. फॉर्म नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर बऱ्याच बँका खातं उघडत नाहीत. आणि खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, तुमच्याच आईवडिलांनी भरलेले पैसे तुमच्या हातात येत नाहीत. विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आणि त्यातले महिन्याला ९९२ युरोच सुटतात. घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं. म्हणजे पहिल्या महिन्याचा खर्च त्या ९९२ मध्ये बसत नाही. तो वेगळा जवळ ठेवा.

प्रवेश पक्का झाल्याचा ईमेल आला की त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज टाका, व्हिसाची वाट बघू नका. खोली ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा, पत्ता नोंदवायचा फॉर्म देणार का? फोटो दाखवून, खोली बघण्याआधीच डिपॉझिट मागणाऱ्याला एक युरोही पाठवू नका. आणि पालिकेत दोन आठवड्यांतली वेळच शिल्लक नसेल तर घाबरू नका. मिळेल ती वेळ घ्या आणि बुकिंगचा ईमेल जपून ठेवा. व्हिसाची मुदत संपण्याआधी राहण्याच्या परवान्याचा अर्ज मात्र केलेला हवाच.

जपानमध्येही घरात शिरल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवावा लागतो. तिथे विद्यार्थ्याला परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही. परवानगी मिळाली की एरवी आठवड्याला २८ तासांची मर्यादा असते. तो अर्ज पहिल्यांदा उतरताना विमानतळावरच करता येतो, तिथेच उरकून टाका. फ्रान्सला लाँग स्टे विद्यार्थी व्हिसावर गेलात तर पोचल्यापासून तीन महिन्यांत तो ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा असतो.

सामानाबद्दल एक. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यात आईने प्रेमाने बांधून दिलेलं तूप आणि पेढेही आले. भाजणी, मेतकूट, चिवडा न्या. चिवडा थोडा जास्तच न्या, नवीन लोकांशी बोलायला तो फार उपयोगी पडतो.

संध्याकाळचा फोन आणि मराठी फ्लॅट

हे सांगताना मुलांपेक्षा पालकांनाच जास्त सांगावंसं वाटतं. नाशिकला जेवणं आटोपून रात्री नऊला व्हिडिओ कॉल लावला की जर्मनीत उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. वर्गातली मुलं कॉफीला किंवा खेळायला निघतात ती याच सुमाराला. मूल रोज तासभर खोलीत बसून घरच्या गप्पा मारतं आणि महिनाभरात त्याला कुणी बोलवेनासं होतं. रोज एक मेसेज पुरे. मोठा फोन रविवारी करा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, मुलांना वेळ असतो आणि घराची आठवणही त्या दिवशी जास्त येते.

तीच गोष्ट राहण्याची. चार मराठी मुलांनी एकत्र फ्लॅट घेतला की स्वयंपाक सोपा होतो, आईवडील निश्चिंत होतात आणि भाषा दाराबाहेर राहते. गणपतीला महाराष्ट्र मंडळात जरूर जा, आजारपणात तीच माणसं धावून येतात. पण ज्या घरात भांडी कुणी घासायची यावरून जर्मनमध्ये वाद घालावा लागतो, अशा घरात राहा.

बोलायला माणसं मिळत नाहीत, ही तक्रार मी सतत ऐकते. माणसं एकदाच भेटून उपयोग नसतो. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी तीच माणसं भेटायला हवीत. युनिव्हर्सिटीचे खेळाचे वर्ग स्वस्त असतात, पण सेमिस्टरच्या सुरुवातीला भराभर भरतात, तेव्हा नोंदणी उघडली की लगेच नाव घाला. गाण्याचा गट, व्हॉलीबॉल, काहीही चालेल. तुम्ही आला नाहीत तर "काल कुठे होतीस?" असं कुणीतरी विचारलं पाहिजे.

आणि बेकरीतला प्रसंग. तुम्ही जर्मनमध्ये ब्रेड मागता, एक प्रत्यय चुकतो, काउंटरवरची बाई लगेच इंग्रजीत उत्तर देते. आपली मुलं तिथे शरमतात आणि स्वतःही इंग्रजीवर जातात. शरमू नका. ती बाई मदत करत असते. हसून म्हणा, "इश म्योश्टं गेर्नं डॉइच श्प्रेशन," मला जर्मन बोलायला आवडेल. बहुतेक जण खूश होऊन पुन्हा जर्मनवर येतात. हे वाक्य निघण्याआधी इतकं घोटा की विचार न करता तोंडातून आलं पाहिजे.

परीक्षेच्या मार्कांवरही विसंबू नका. जपानीच्या जेएलपीटीत बोलण्याचा भागच नसतो, त्यामुळे एन टू, म्हणजे तिची वरून दुसरी पातळी, पास झालेली मुलगी दुकानदाराच्या साध्या प्रश्नाला गप्प होऊ शकते. जर्मनची बी वन ही मधली पातळी पास झालेला मुलगा म्युनिकच्या बाजूला उतरला की बव्हेरियन बोली ऐकून त्याला आपलं सगळं शिक्षण फुकट गेल्यासारखं वाटतं. तसं नसतं, कान बसायला काही आठवडे लागतात. जिथे जाणार तिथला स्थानिक रेडिओ नाशिकला असतानाच रोज ऐकायला लागा.

वर्ग केले, क्रेडिट गेले

जर्मनीत वर्गात बसलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नाही. बऱ्याच ठिकाणी परीक्षेची नोंदणी वेगळी असते आणि तिची मुदत सेमिस्टरच्या मधेच येते. सेमिनारचा निबंध तर वर्ग संपल्यावर सुट्टीत लिहायचा असतो. मुलं फेब्रुवारीत फिरायला निघतात आणि निबंध राहून जातो. पूर्ण सेमिस्टर म्हणजे ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, पण पहिल्या सेमिस्टरला, भाषा बसत असताना, तेवढे विषय घेऊ नका असं माझं मत आहे. त्यातले किती क्रेडिट आपल्याकडे धरणार हे इथल्या विभागप्रमुखांकडून निघण्याआधी लेखी घ्या. तोंडी "हो, हो, करू" वर वर्षभराचं गणित मांडू नका.

डिसेंबर

तिथे डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो. झोप बिघडते, भूक जाते, वर्गात जावंसं वाटत नाही. हा आळस नव्हे. युनिव्हर्सिटीत समुपदेशन असतं, बहुतेक ठिकाणी मोफत असतं. दोन आठवडे असं चाललं तर तिथे जा आणि घरीही खरं सांगा. दवाखाने बंद असताना तातडीचं नसलेलं दुखणं असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. दोन्ही नंबर फोनमध्ये साठवून ठेवा.

निघताना

परतीच्या गडबडीत मोबाइलचा करार, विमा, रेडिओ-टीव्हीची वर्गणी आणि पत्त्याची नोंद रद्द करायची राहते आणि नाशिकच्या पत्त्यावर बिलं येत राहतात. करार संपवायला आधी नोटीस द्यावी लागते, तेव्हा कागद दोन-तीन महिने आधीच काढून वाचा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे उरले असतील तर ते परत कसे मिळवायचे, हेही तेव्हाच विचारून घ्या. आणि गुणपत्रक शिक्क्यासह हातात घेऊनच विमानात बसा. प्राध्यापकांनी मार्क भरले नसतील तर त्यांना समोर जाऊन भेटा. नाशिकहून ईमेल करत बसलात तर उत्तर यायला इकडचं सेमिस्टर उलटून जातं.