आंबा वाळत होता, दोष फरशीचा

सांगलीत विश्रामबागला आमच्या दारात वडिलांनी लावलेला आंबा आहे, ४० वर्षांचा. एक फांदी वाळली, बुंध्याशी भुसा पडू लागला. शेजारचे काका म्हणाले, "पाडून टाक." (१९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं परवानगी लागते, पण सांगणार कोण!)

भुसा म्हणजे भिरूड, खोड पोखरणारी कीड. छिद्रात आकडा केलेली तार घातली, तर बोटाएवढी पांढरट अळी निघाली. पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत कोंबून वरून चिखल लिंपला.

खरी चूक आमचीच. बुंध्याला चिकटून पेव्हिंग ब्लॉक, मुळांना ना हवा ना पाणी! चार फुटांचा गोल उखडला, पालापाचोळा पसरला, खोडाला मात्र चिकटू दिला नाही.

पावसाळ्यानंतर तांबूस पालवी फुटली. मोहोराचं बघू.