एकाला छोटीच हवी, दुसऱ्याला मोठी: गाडी बदलण्याआधी काय मोजायचं

गाडी बदलायची ठरली की घरातली चर्चा ‘छोटी’ आणि ‘मोठी’ या दोन शब्दांवर अडकते. छोट्या गाडीवर जीव असलेल्याला बहुतेक वेळा तिची कमी रुंदी आवडत असते, जागच्या जागी वळणं आवडत असतं, चारही कोपऱ्यांचा अंदाज येणं आवडत असतं. मोठी मागणाऱ्याला हवी असते उंच सीट, मागे पाय सोडून बसता येईल अशी जागा, हायवेवर शांतता आणि सामानाची सोय. या दोन याद्या शेजारी ठेवून पाहा. एकमेकींना छेद देणाऱ्या गोष्टी त्यात फार थोड्या निघतात. सीट उंच असण्यासाठी गाडी रुंद असावी लागत नाही आणि मागे ऐसपैस बसायला लांबीइतकीच छताची उंचीही उपयोगी पडते. म्हणून पहिले काही दिवस मॉडेलचं नाव कुणीच काढू नये. नाव निघालं की बाजू ठरतात आणि मग मोजमाप मागे पडतं.

त्याऐवजी दोघांनी दोन आठवडे आपापल्या फोनमध्ये तक्रारी टिपाव्यात. प्रत्येक तक्रारीसोबत प्रसंग लिहायचा. ‘जागा पुरत नाही’ हे निरुपयोगी आहे. ‘पुढची सीट मागे घेतली की मागच्याचे गुडघे टेकतात’ हे मोजता येतं. ‘चढावर दम लागतो’ असं लिहिलंत तर एसी चालू होता का आणि गाडीत किती माणसं होती तेही लिहा. छोटी गाडी सोडवत नसेल त्यानेही हेच करायचं: ती नेमकी कुठे कामाला येते? अरुंद बोळात, तिरक्या पार्किंगमध्ये की गर्दीत यू-टर्न घेताना? ‘मला ती आवडते’ हे खरं असलं तरी त्यावरून नवी गाडी निवडता येत नाही.

तक्रार आकाराची की वयाची

हा टप्पा बहुतेक जण वगळतात, आणि पैसे सगळ्यात जास्त इथेच वाचतात. दहा वर्षं चाललेली छोटी गाडी खडखडते आणि हादरते, तेव्हा दोष तिच्या आकाराचा वाटतो. पण त्यातला बराच भाग झिजलेल्या रबराचा असतो.

गाडी जागेवर उभी असताना सीट आणि स्टिअरिंग थरथरत असेल, एसी लावल्यावर ते वाढत असेल, तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) आधी तपासून घ्या. खड्ड्यात ‘टक’ असा आवाज येत असेल तर चाकाला बॉडीशी जोडणारे सांधे, म्हणजे लोअर आर्मची बुशं, बॉल जॉइंट आणि स्टॅबिलायझर लिंक बघा. शॉक अब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर तो गेलेला आहे, आणि बदलायचे ते एका अ‍ॅक्सलचे म्हणजे पुढचे किंवा मागचे दोन्ही एकदम, नाहीतर गाडी एका बाजूला वेगळी वागते. वेगात वाऱ्याची शीळ येत असेल तर दाराच्या चौकटीचं रबर चपटं झालेलं असतं. दार लावताना मध्ये कागद धरा, तो सहज ओढता आला तर तिथून हवा येते. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ कोडच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक होतो, आवाज करतो आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतो. सीटमधला फोम बसला असेल तर तो सीटकव्हरवाल्याकडून बदलून मिळतो, आणि ‘या गाडीत कंबर दुखते’ ही तक्रार कधी कधी तेवढ्यावरच मिटते.

ही कामं झाल्यावर मोठी मागणाऱ्याने गाडी पुन्हा लांब पल्ल्याला नेऊन पाहावी. तक्रारींची यादी अर्धी झाली तर निदान घाई तरी संपते.

उलट काही गोष्टींवर खर्च करू नये. दाराखालचा सिल, शॉक अब्सॉर्बर जिथे बॉडीला बसतो ती जागा आणि खालची चॅसी गंजली असेल, कूलंटमध्ये तेल मिसळत असेल, इंजिन दर हजार किलोमीटरला लिटरभर तेल खात असेल, तर त्या गाडीचं मन लावून करण्यासारखं काही उरत नाही. आणि एक गोष्ट कुठल्याही दुरुस्तीने मिळत नाही: बॉडीची ताकद, एअरबॅग आणि घसरणारी गाडी सावरणारं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. जोडीदाराचा मुद्दा सुरक्षिततेचा असेल तर छोट्या गाडीच्या बाजूने बोलणाऱ्याने तो मान्य करावा, असं आम्ही स्पष्ट सांगू. मात्र धडक चाचणीत (क्रॅश टेस्ट) मिळालेले तारे बघताना चाचणीचं वर्षही बघा. नियम वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नसतात. शिवाय समोरासमोरच्या धडकेचे तारे साधारण तेवढ्याच वजनाच्या गाड्यांमध्येच तुलनेला धरायचे.

टेप घ्या

आता मोजमाप. सगळ्यात आधी सीटची उंची, कारण ‘मोठी गाडी हवी’ या वाक्यामागे गुडघे आणि कंबर असण्याची शक्यता दाट असते. दार उघडून जमिनीपासून सीटच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. छोट्या हॅचबॅकमध्ये ती साधारण 50 ते 55 सेंटीमीटर असते, उंच बांध्याच्या गाडीत 60 ते 70. बरोबर उंची ज्याची त्याची वेगळी. सीटकडे पाठ करून उभं राहा. कड मांडीच्या वरच्या भागाला लागली तर खाली वाकावंही लागत नाही आणि वर चढावंही लागत नाही. उंची कमी असलेल्या माणसाला फार उंच एसयूव्ही त्रासाचीच होते: चढताना आधार लागतो, उतरताना पाय जमिनीला टेकत नाही. सोबत दाराखालच्या सिलची रुंदीही बघा. तो रुंद असेल तर पाय लांब टाकावा लागतो आणि दुखऱ्या गुडघ्याला उंच सीटचा फायदा राहत नाही.

मग रुंदी. माहितीपत्रकातला आकडा सहसा आरसे सोडून असतो, आरसे उघडल्यावर त्यात 20 ते 30 सेंटीमीटर वाढतात. घरची पार्किंगची जागा भिंतीपासून खांबापर्यंत मोजा, त्यातून आरशांसकट रुंदी वजा करा. दार उघडून बाहेर पडायला एका बाजूला किमान 60 सेंटीमीटर तरी उरायला हवेत. तळघरात किंवा यांत्रिक पार्किंगमध्ये गाडी ठेवत असाल तर रूफ रेल आणि अँटेना धरून उंची तपासा, आणि यांत्रिक पार्किंग असेल तर वजनाची मर्यादाही. हे आकडे दोघांनी मिळून घेतले की निम्मी मॉडेल्स आपोआप बाद होतात, कुणाला कुणाचं मन मोडावं लागत नाही.

वळणाचा आकडा वाचताना काळजी घ्या. काही कंपन्या त्रिज्या देतात, काही व्यास. 4.7 मीटर आणि 5.5 मीटर त्रिज्येत फरक किरकोळ वाटतो, पण व्यासात तो 1.6 मीटर होतो. म्हणजे एका दमात होणारा यू-टर्न पुढे-मागे करून घ्यावा लागतो. छोट्या गाडीचं प्रेम बऱ्याचदा याच आकड्यात असतं.

डिकीच्या लिटरवर विसंबू नका. ते 200 × 100 × 50 मिलिमीटरचे, म्हणजे एकेक लिटरचे ठोकळे भरून मोजण्याची पद्धत आहे, आणि काही आकड्यांत खालच्या चोरकप्प्याची जागाही धरलेली असते. ठोकळे कोपऱ्यात मावतात, सुटकेस मावत नाही. आपली मोठी बॅग, बाबागाडी किंवा व्हीलचेअर घेऊनच शोरूमला जा आणि ती स्वतः उचलून ठेवा. डिकीची कड कमरेपेक्षा उंच असेल तर रोज पाठीवर ताण येतो. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट असेल तर ती ड्रायव्हरशेजारच्या सीटमागे बसवा आणि मग पुढे मोठ्या माणसाला बसवून पाहा. ‘ऐसपैस’ म्हणून नावाजलेल्या कितीतरी गाड्या इथे उघड्या पडतात.

टायरचा आकार मोठी मागणाऱ्याने जरूर समजून घ्यावा. 165/80 आर14 टायरची भिंत 132 मिलिमीटर उंच असते (रुंदी 165, तिचे 80 टक्के; ‘आर’नंतरचा आकडा चाकाचा, इंचांत), तर 225/45 आर18 ची 101. खड्ड्याचा पहिला मार ही भिंत झेलते. त्यामुळे मोठ्या चाकांची महागडी आवृत्ती छोट्या गाडीपेक्षा कडक चालू शकते, आणि टायर बदलताना खर्चही जास्त येतो. एकाच मॉडेलची खालची आवृत्ती लहान चाकांवर मिळत असेल तर आम्ही तीच सुचवू.

वजनाचा हिशेबही सोपा आहे. 850 किलोच्या गाडीत 67 पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्तीसारखं ताकदीचं माप) इंजिन चपळ वाटतं. तीच चपळाई 1,200 किलोच्या गाडीत हवी असेल तर साधारण 95 पीएस लागतात. मोठ्या बॉडीत छोटं इंजिन घेतलं तर छोट्या गाडीवर प्रेम करणारा रोज कुरकुरणार, आणि त्याचं चूक नसेल.

नावावर जाऊ नका

‘तेच मॉडेल, नवी पिढी’ ही तडजोड सोयीची वाटते. पण गाड्या पिढीगणिक फुगल्या आहेत. 1974 ची पहिली फोक्सवॅगन गोल्फ 3.7 मीटर लांब होती, आठवी पिढी जवळपास 4.28 मीटर. 2017 ची पोलो त्या पहिल्या गोल्फपेक्षा मोठी आहे. मूळ मिनी 3.05 मीटरची होती, 2001 ची नवी मिनी सुमारे 3.6. तेव्हा जुन्या गाडीची लांबी-रुंदी कागदावर लिहा आणि आकडे जुळवा, नाव नव्हे.

दोघांच्या याद्या बहुतेक वेळा एकत्र बसतात त्या उंच छताच्या छोट्या गाडीत. 1993 मध्ये सुझुकीने जपानच्या छोट्या गाड्यांच्या मर्यादेत वॅगनआर आणली तेव्हा युक्ती हीच होती: माणूस ताठ बसवला की त्याचे पाय कमी लांबी खातात. 2001 च्या होंडा जॅझमध्ये पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली नेल्यामुळे मागची बैठक वर दुमडून उभं सामान ठेवता येऊ लागलं. हा साचा दिसायला रुबाबदार नाही, हे खरं. जोडीदाराला रुबाबच हवा असेल तर त्याने तो सरळ यादीत लिहावा. ती लाजण्यासारखी गरज नाही, पण ‘जागा’ या नावाखाली ती लपली तर चुकीची गाडी घरी येते.

गिअरबॉक्स मात्र वेगळा विषय आहे. कासवगतीच्या ट्रॅफिकमध्ये एएमटी (साध्याच गिअरबॉक्सचे गिअर यंत्राने बदलणारी) झटके देते, कोरड्या क्लचची ड्युअल क्लच (दोन क्लचची ऑटोमॅटिक) तापते, सीव्हीटी (गिअरच्या पायऱ्या नसलेली ऑटोमॅटिक) मऊ चालते पण तिचं तेल वेळेवर बदलावं लागतं, आणि टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पोचवणारी ऑटोमॅटिक) सगळ्यात निर्धास्त. रोजचा प्रवास पाच-सात किलोमीटरचा असेल तर आधुनिक डिझेल नको. काजळीचा फिल्टर साफ व्हायला सलग वेगात चालणं लागतं, नाहीतर तो चोंदतो.

चालवून बघताना

शोरूमची दहा मिनिटांची फेरी पुरत नाही. शक्य असेल तर तेच मॉडेल दोन दिवस भाड्याने घ्या. आपल्या गल्लीतून, आपल्या पार्किंगमध्ये, अंधारात आणि गाडी भरलेली असताना चालवा. दोघांनीही चालवायची, आणि दोघांनीही मागच्या सीटवर अर्धा तास बसायचं. छातीपासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान 25 सेंटीमीटर अंतर ठेवून क्लच पूर्ण दाबता आला पाहिजे. बुटक्या ड्रायव्हरला ते जमत नसेल तर स्टिअरिंग पुढे-मागे होणारी आवृत्ती घ्या. वळणावर पुढच्या काचेशेजारचा खांब पायी चालणाऱ्याला झाकतो का, हे मुद्दाम बघा. कॅमेरा मागचं दाखवतो, हा खांब आड येतो त्याला उपाय नाही.

जुनी गाडी घेत असाल तर इंजिन थंड असतानाच जा, विक्रेत्याने आधी चालू करून ठेवलं असेल तर परत या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, सीटच्या रुळांवर गंज बघा: पाण्यात बुडालेली गाडी इथे सापडते. गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्याच. चेक इंजिनचा दिवा बंद असूनही गाडी स्वतः करते त्या तपासण्या ‘अपूर्ण’ दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात.

लाडकी गाडी त्याच दिवशी बदल्यात देऊ नका. परवडत असेल तर दोन-तीन आठवडे दोन्ही ठेवा. नवी गाडी पार्किंगमध्ये खरंच बसते का, ते तेव्हाच कळतं. विकताना मालकी हस्तांतरणाच्या कागदांवर सह्या झाल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. स्टिरिओमधून जोडलेले फोन आणि घराचा पत्ता पुसा, टोलचा टॅग बंद करा, दुसरी किल्ली आणि सर्व्हिसच्या पावत्या सोबत द्या. पावत्यांची फाइल असलेल्या गाडीला भाव बरा येतो.

नव्या गाडीत पहिलं काम टायरमधली हवा बघण्याचं. डेपोत उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये ती बरीचदा जास्त भरलेली असते, आणि ‘ही तर जुनीपेक्षा आदळते’ असं पहिल्याच दिवशी वाटतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरून घ्या.