वाळूवरचा व्यायाम आणि मालिश: कधी करावी, कुठे करावी, किती दाबाने करावी

गुहागर, आंजर्ले किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर धावायला सुरुवात केलेल्या माणसाच्या पोटऱ्या दुसऱ्या दिवशी भरून येतात, याचे कारण त्याच्या तयारीपेक्षा वाळूत अधिक असते. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततो, टाच खाली जाते आणि प्रत्येक पावलाला पोटरीला शरीर नव्याने उचलावे लागते. घट्ट जमिनीच्या तुलनेत अशा वाळूवर धावताना सुमारे दीडपटीहून अधिक ऊर्जा खर्च होते. शिवाय किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एक पाय सतत खालच्या अंगाला पडतो आणि कंबरेच्या एका बाजूवर जादा ताण येतो. म्हणून धावण्यासाठी ओहोटीची वेळ आणि ओल्या, घट्ट वाळूचा पट्टा निवडावा, आणि गेलेल्या पट्ट्यातूनच परत यावे, म्हणजे हा ताण दोन्ही बाजूंना वाटला जातो. मालिशचा विचार यानंतरचा आहे, कारण चुकीच्या पद्धतीने रोज घातलेला भार कितीही चोळले तरी भरून निघत नाही.

मालिशने नेमके काय होते, हे आधी स्पष्ट असावे. व्यायामानंतर स्नायूंत साचलेले लॅक्टिक आम्ल मालिशने बाहेर निघते, असे अजूनही अनेक व्यायामशाळांत सांगितले जाते, पण ते खरे नाही. ते आम्ल शरीर स्वतःच साधारण तासाभरात वापरून टाकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे दुखणे हे अनोळखी भारामुळे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे आणि तिच्या दुरुस्तीचे असते, आणि ते 24 ते 72 तासांत सर्वाधिक जाणवते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी 2012 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात दमेपर्यंत सायकल चालवलेल्या तरुणांच्या एकाच पायाला 10 मिनिटे मालिश करून दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे नमुने तपासले गेले. मालिश केलेल्या पायात दाहाचे संकेत कमी आढळले, मात्र लॅक्टेटमध्ये, म्हणजे त्या लॅक्टिक आम्लाच्या शरीरातल्या रूपात, फरक पडला नव्हता. मालिशने ताकद वाढत नाही आणि चरबीही उतरत नाही. दुखणे थोडे कमी होते, सांधे काही काळ मोकळे हलतात आणि पुढच्या दिवशीचा व्यायाम टाळावासा वाटत नाही. नियमितपणा टिकवण्यासाठी एवढा लाभ पुरेसा मोलाचा आहे, असे मला मनापासून वाटते.

वेळेचे गणित सांभाळले नाही तर हा लाभही हातचा जातो. व्यायामापूर्वी मालिश करायची असल्यास ती पाच मिनिटांपेक्षा जास्त नको, दाब हलका आणि हात जलद असावा. खोल व लांबलेल्या मालिशने स्नायू सैलावतात आणि काही काळ त्यांचा जोर किंचित कमी पडू शकतो. व्यायामानंतर पाणी पिऊन, घाम वाळू देऊन, त्याच दिवशी संध्याकाळी सौम्य मालिश करावी. खोलवर रगडणे विश्रांतीच्या दिवसासाठी राखून ठेवावे, आणि धावण्याची स्पर्धा किंवा कबड्डीचा सामना असेल तर त्याआधीचे दोन-तीन दिवस तसे रगडणे टाळावे. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातील दिनचर्येच्या अध्यायातही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा आणि त्यानंतर सर्वांगाचे सुखकर मर्दन करावे, असेच सांगितले आहे. त्यातला ‘सुखकर’ हा भाग आपण बहुधा विसरतो.

तेलासाठी दूर जाण्याची गरज नाही, घरचे खोबरेल उत्तम. ते सुमारे 24 अंशांखाली गोठते, त्यामुळे पौष-माघातल्या सकाळी वाटी गरम पाण्यात ठेवून ते पातळ करून घ्यावे. कोकमाचे तेल मालिशसाठी फार घट्ट असते. ते टाचांच्या भेगांसाठी ठेवावे. मालिश झाल्यावर तळपायाचे तेल नीट पुसल्याशिवाय न्हाणीघरात किंवा चिऱ्याच्या पायऱ्यांवर पाऊल टाकू नये.

पोटरीची मालिश स्वतः करताना पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसावे, गुडघा वाकवून पाऊल जमिनीवर सपाट टेकवावे. गुडघा वाकला की पोटरी सैल पडते. पाय ताणलेला असताना चोळल्यास बोटे कडक स्नायूवरून नुसतीच घसरतात. हाताला तेल लावून घोट्यापासून गुडघ्याकडे, दोन्ही तळव्यांनी पोटरी वेढून, आठ-दहा वेळा सावकाश हात फिरवावा. त्यानंतर पोटरीच्या दोन उंचवट्यांमधल्या खाचेतून अंगठा वर सरकवत न्यावा. एखाद्या ठिकाणी हरभऱ्याएवढी कठीण, दुखरी गाठ लागते. तिथे चोळू नये. अंगठा स्थिर ठेवून 20 ते 30 सेकंद दाबावे आणि श्वास लांब सोडावा. दुखणे दहापैकी पाच-सहाच्या वर जाऊ देऊ नये. दात आवळले जात असतील किंवा श्वास अडकत असेल, तर दाब जास्त झाला आहे. अंगठ्याखालचे दुखणे ओसरू लागले की दाब तसाच ठेवून पाऊल दहा वेळा वर-खाली हलवावे आणि शेवटी पुन्हा हलका हात फिरवावा. एका पायाला चार-पाच मिनिटे पुरतात. गुडघ्यामागच्या लवणीत मात्र अंगठा कधीही रुतवू नये, कारण तिथून रक्तवाहिन्या व नसा जातात.

टाचेवरची जाड शीर सकाळी आखडत असेल तर तिलाच रगडत बसण्याने फारसा उपयोग होत नाही. वरची पोटरी सैल करावी, आणि पायरीच्या काठावर चवड्यांवर उभे राहून टाचा हळूहळू वर-खाली करण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा.

पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची चढणीची वाट, चढण्या-उतरण्याचा व्यायाम करणाऱ्यांच्या मांडीचा पुढचा भाग उतरताना जास्त शिणतो. तो हाताच्या टाचेने गुडघ्यावरून वर चोळावा. तळपायाखाली टेनिसचा चेंडू मिनिटभर फिरवणे सोपे आणि परिणामकारक आहे. रापण (मासेमारीचे मोठे जाळे) किनाऱ्यावर ओढणाऱ्या किंवा होडी वल्हवणाऱ्या माणसाला पायांइतकीच मनगट ते कोपर या भागाच्या मालिशची गरज असते, आणि असे कष्टाचे काम झालेल्या दिवशी वेगळा व्यायाम न केला तरी चालते.

दुसऱ्याकडून मालिश करून घेताना कुठे दुखते आणि किती दाब सोसतो, हे आधीच सांगावे. लचक भरलेला किंवा मुरगळलेला पाय जोर लावून ‘बसवून’ घेण्याची पद्धत गावोगावी आहे, पण पहिले दोन-तीन दिवस सुजेवर हातही लावू नये, आणि पाय टेकवतच नसेल तर आधी एक्स-रे काढावा. ताप असताना, फुगलेल्या निळ्या शिरांवर आणि उघड्या जखमेवर मालिश वर्ज्य आहे. पावसाळ्यात दमट कपड्यांमुळे मांड्यांत गजकर्ण झाले असेल, तर त्यावरून तेलाचा हात फिरवल्याने ते पसरते. गर्भवती स्त्रिया, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि हाडे ठिसूळ झालेले यांनी डॉक्टरांना विचारूनच मालिश घ्यावी.

एकच पोटरी सुजून गरम व लाल झाली असेल तर ती अजिबात चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. कठोर व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तरीही मालिशची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.