व्हीएममध्ये इंटरनेट चालतं, मग होस्टवरून एसएसएच का लागत नाही?

लिनक्स शिकायला व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएम (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) टाकली की बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडतं. आत ब्राउझर चालतो, पॅकेजेस उतरतात, पण होस्टवरून, म्हणजे तुमच्या मूळ संगणकावरून, पिंग केलं (व्हीएम उत्तर देते का ते तपासलं) की उत्तर नाही. नव्यांना व्हीएम लावून देताना मी आधी एवढंच विचारतो: कनेक्शन सुरू कोण करतंय?

व्हर्च्युअलबॉक्स मुळात नॅट देतं, म्हणजे व्हीएम होस्टच्या आडून बाहेर जाते. व्हीएमला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो, गेटवे (बाहेर जायचं दार) १०.०.२.२. व्हीएमने बाहेर काही मागितलं तर उत्तर आत येतं. पण होस्टने आपणहून १०.०.२.१५ गाठायला रस्ताच नसतो. दोन व्हीएमवर हाच पत्ता दिसला तरी घाबरू नका, प्रत्येकीचं नॅट स्वतंत्र असतं.

नुसतं एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून टर्मिनलमध्ये लॉगिन, हवं असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग पुरतं. होस्टचं २२२२ पोर्ट व्हीएमच्या २२ ला जोडायचं आणि होस्टवरूनच १२७.०.०.१ (म्हणजे तेच मशीन) वर २२२२ पोर्टने लॉगिन करायचं. पुढे वेब सर्व्हर, डेटाबेस आले की मात्र दर वेळी नवा नियम टाकावा लागतो. म्हणून मी व्हीएमला सरळ दोन आभासी नेटवर्क कार्डं लावतो: पहिलं नॅट, दुसरं होस्ट-ओन्ली (फक्त होस्ट आणि व्हीएम यांच्यातलं नेटवर्क). शिकताना ब्रिज्ड, म्हणजे व्हीएम थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडणं, मला पटत नाही. नेटवर्क बदललं की व्हीएमचा पत्ताही बदलतो, आणि काही वायफायवर ते चालतच नाही.

व्हीएम बंद करून दुसरं कार्ड जोडा, चालू करा, आणि आत 'आयपी ए' ही कमांड द्या, ती कार्डं आणि त्यांचे पत्ते दाखवते. 'ईएनपी०एस३'समोर नॅटचा पत्ता दिसेल. 'ईएनपी०एस८'समोर बऱ्याचदा फक्त 'डाऊन', पत्ता नाहीच. इथे लोक व्हर्च्युअलबॉक्सची सेटिंग्ज पुन्हा पुन्हा उलटीपालटी करतात. त्याची गरज नाही: कार्ड पोचलेलं आहे, लिनक्सला ते वापरायला कुणी सांगितलेलं नाही. उबंटू सर्व्हरवर नेटप्लॅनच्या (नेटवर्क सेटिंग्जच्या) फाइलमध्ये त्या कार्डाचं नाव घालून डीएचसीपी (आपोआप पत्ता मिळण्याची सोय) चालू करा, मग 'नेटप्लॅन अप्लाय'. १९२.१६८.५६ ने सुरू होणारा पत्ता मिळायला हवा. होस्ट स्वतः सहसा १९२.१६८.५६.१ असतो. रोजच्या व्हीएमला मी स्थिर पत्ता देतो, समजा शेवटी १०. डीएचसीपी सहसा १०१ पासून वाटतं, त्यामुळे टक्कर होत नाही. या कार्डाला गेटवे मात्र अजिबात देऊ नका. डिफॉल्ट रूट (बाहेर जायचे नेहमीचे रस्ते) दोन झाले की चालतं इंटरनेटही बंद पडू शकतं.

पिंग लागलं, पण ८००० पोर्टवरचं ॲप होस्टच्या ब्राउझरमध्ये उघडत नसेल, तर एरर नीट वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे बहुधा तुम्ही व्हीएमपर्यंत पोचलात, पण त्या पत्त्यावर ऐकणारं कुणी नाही. व्हीएममध्ये 'एसएस -टीएलएन' चालवून कोणत्या पत्त्यावर काय ऐकतंय ते बघा, १२७.०.०.१:८००० दिसलं तर ॲप फक्त व्हीएमच्या आतलंच ऐकतंय. ते ०.०.०.० वर, म्हणजे व्हीएमच्या सगळ्या पत्त्यांवर, चालवा. 'टाइमआउट' आला तर आधी व्हीएममधला फायरवॉल तपासा. आणि व्हीएमकडून विंडोज होस्टला पिंग लागत नसेल, तर बहुतेक वेळा विंडोजचा फायरवॉलच ते अडवत असतो. तेवढ्यासाठी कार्डांना हात लावू नका.