नदी-कालव्यांतून लांबचा बोटप्रवास: आखणी कशी करावी

नकाशा उघडण्याआधी मोजपट्टी घ्या. बोटीची लांबी, रुंदी, पाण्याखालची खोली आणि पाण्यावरची उंची या चार आकड्यांवर मार्ग ठरतो. खोली मोजायची ती टाक्या आणि सामान पूर्ण भरून. उंची मात्र टाक्या रिकाम्या असताना मोजा. हलकी झालेली बोट वर उचलली जाते आणि पुलाला घासते. मग मार्गावरचा सर्वांत अरुंद लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारा दरवाजांचा हौद), सर्वांत उथळ पट्टा आणि सर्वांत ठेंगणा पूल शोधा. तळाखाली निदान 30 सेंमी पाणी उरत नसेल, तर मार्ग बदला. लॉक दुरुस्तीसाठी बंद आहे का, तेही आत्ताच विचारा.

वेळ किलोमीटरवरून ठरवलात तर फसाल. अरुंद कालव्यात ताशी 5 किमी धरा आणि दर लॉकला 15 मिनिटं. 20 किमी आणि 8 लॉक म्हणजे 6 तास. दिवसाला एवढं पुरे. वेग वाढवून उशीर भरून निघत नाही. उथळ पाण्यात बोटीचा मागचा भाग खाली बसतो, इंधन जास्त जळतं, लाटांनी काठ ढासळतात.

नदीचा हिशेब वेगळा. स्थिर पाण्यात ताशी 8 किमी जाणारी बोट ताशी 3 किमीच्या प्रवाहाविरुद्ध 5 नं जाते, प्रवाहाबरोबर 11 नं. 40 किमीला वर जाताना 8 तास, खाली येताना सुमारे 3 तास 40 मिनिटं. जाता-येता सरासरी साधते असं वाटतं, पण स्थिर पाण्यात हेच 10 तासांत झालं असतं. म्हणून इंधनही तासांवर काढा: पुढच्या पंपापर्यंतचे तास गुणिले ताशी खप, वर निम्मं राखीव. पावसानंतर प्रवाह वाढतो आणि पुलाखालची जागा कमी होते. तेव्हा थांबणंच शहाणपणाचं. वेळापत्रकात आठवड्याला एक मोकळा दिवस त्यासाठीच ठेवा.

नदीत शिरण्याआधी नांगर दोरासकट हाताशी तयार हवा, दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट. इंजिन बंद पडल्यावर तो शोधायला वेळ नसतो. काठाला लागताना बोटीचं तोंड प्रवाहाकडे वळवा, मग वेग ताब्यात राहतो.

लॉकमध्ये पाणी उतरताना दोर कधीही गाठ मारून बांधू नका, बोट लटकते. फक्त वेढा देऊन हातानं सैल सोडत राहा. मागच्या दरवाजापाशी पाण्याखाली उंबरठा असतो. त्यावर बोटीचा मागचा भाग अडकला तर बोट पुढे कलून बुडते, म्हणून पुढे सरकून राहा. अडकलीच, तर पाणी बाहेर सोडणाऱ्या, खालच्या दरवाजाच्या झडपा लगेच बंद करा.