परदेशात लग्न झालंय आणि नवऱ्याला भारतात राहायला आणायचंय? एक्स व्हिसापासून ओसीआयपर्यंत काय काय करायचं

माझं लग्न पोलंडमध्ये झालं, क्राकोवच्या विवाह नोंदणी ऑफिसात, आणि लग्नानंतर आम्ही ठरवलं की राहायचं आपल्याकडेच, आधी कोल्हापूरला आईबाबांजवळ आणि मग पुण्यात. मला सगळे उलटं विचारतात, तुला तिकडचा व्हिसा कसा मिळाला म्हणून, पण नवऱ्याला इकडे आणायचं तर काय करायचं हे मराठीत नीट लिहिलेलं मला तेव्हा कुठेच सापडलं नाही, म्हणून आता सगळं लिहून काढतेय. नवऱ्याच्या जागी बायको परदेशी असेल तरी हेच सगळं लागू होतं.

पहिली गोष्ट, टुरिस्ट व्हिसावर आणू नका. मोह होतो, कारण ई-व्हिसा घरबसल्या होतो आणि पटकन येतो. पण ई-टुरिस्ट व्हिसावर वर्षाला जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं, आणि टुरिस्ट व्हिसावर असताना भारतातून ओसीआयचा, म्हणजे परदेशी नवऱ्याला इथे कायम राहता येईल अशा ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्डाचा, अर्ज करता येत नाही, म्हणजे ज्या कामासाठी माणूस इथे आलाय तेच अडतं. भारतीय नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला जो व्हिसा मिळतो त्याचं नाव एंट्री व्हिसा, सगळे एक्स व्हिसाच म्हणतात, आणि तो पाच वर्षांपर्यंतचा मिळू शकतो. किती वर्षांचा द्यायचा ते दूतावास ठरवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मॅरेज सर्टिफिकेटचं काम लग्न जिथे झालं तिथेच, तिथून निघायच्या आधी पूर्ण करा. मी हे इतक्या जोरात सांगतेय कारण पुढची प्रत्येक पायरी याच एका कागदावर उभी आहे. परदेशात झालेल्या लग्नाचं सर्टिफिकेट भारतात चालायचं तर त्यावर अपोस्टिल हवं, किंवा भारतीय दूतावासाचा शिक्का हवा. अपोस्टिल म्हणजे त्या देशाच्या सरकारने दिलेली खात्री की हा कागद खरा आहे, आणि भारत त्या करारात २००५ पासून आहे. पोलंडचं अपोस्टिल वॉर्साला त्यांच्या परराष्ट्र खात्याकडून मिळतं, आम्ही ६० झ्लोटी भरले होते. तिथे मॅरेज सर्टिफिकेटचा एक बहुभाषिक नमुना मिळतो, त्यात इंग्रजीही असतं, तोच मागा, म्हणजे भाषांतराचा खर्च आणि एक जास्तीचा शिक्का वाचतो. युरोपातल्या बऱ्याच देशांत हा नमुना मिळतो पण आपण मागितल्याशिवाय कुणी स्वतःहून देत नाही. आणि एक नाही, तीन प्रती घ्या, तिन्हीवर अपोस्टिल करून घ्या. कोल्हापुरात बसून वॉर्साहून कागद मागवणं काय असतं ते माझ्या एका मैत्रिणीने भोगलंय, तिच्या नवऱ्याच्या आईला ऐन थंडीत त्यासाठी प्रवास करावा लागला.

इथे एक चूक फार जणांकडून होते. परदेशात कायदेशीर लग्न झालेलं असतं, मग गावी येऊन हौसेने सगळे विधी होतात, अक्षता पडतात, आणि कुणीतरी काका म्हणतात की आता ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेतही नोंद करून टाका, झालं की काम. नका करू. विधी हवे तेवढे करा, आम्हीही केले, पण नोंद केली की तुमच्याकडे दोन सर्टिफिकेटं होतात आणि त्यावर लग्नाच्या दोन तारखा, मग पुढे प्रत्येक टेबलावर प्रश्न येतो की नक्की लग्न कधी झालं. ओसीआयसाठी लग्नाची नोंद होऊन दोन वर्षं झालेली असावी लागतात, त्यामुळे तारीख एकच असलेली बरी. परदेशातल्या लग्नाला भारतीय कायद्याचा आधार हवाच असं वाटत असेल तर त्यासाठी १९६९ चा फॉरेन मॅरेज अॅक्ट आहे, त्यात परदेशातल्या भारतीय दूतावासात नोंद करता येते. पण आमचं अपोस्टिल असलेल्या सर्टिफिकेटवरच सगळं झालं.

नावाचंही तसंच. लग्नानंतर आडनाव बदलायचं असेल तर सगळे कागद झाल्यावर बदला, किंवा आधीच बदलून मग अर्ज करा, मध्येच बदलू नका. माझं आडनाव मी बदललंच नाही. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मात्र टाकून घेतलं, कारण ओसीआयच्या वेळी ते कामाला येतं.

व्हिसाचा फॉर्म भारत सरकारच्या ऑनलाइन व्हिसा साइटवर भरायचा, पण ई-व्हिसाचा नाही, साधा कागदी व्हिसाचा, जो भरून प्रिंट काढून सही करून दूतावासात किंवा त्यांच्या सेंटरवर द्यायचा असतो. फॉर्म लांबलचक आहे आणि त्यातले काही प्रश्न परदेशी माणसाला विचित्र वाटतात, म्हणून शेजारी बसून भरा. धर्म कोणता, अंगावर ओळखीची खूण काय, आईवडील किंवा आजीआजोबा पाकिस्तानचे होते का. माझ्या सासूबाई तर घाबरल्याच, म्हणाल्या हे सगळं कशाला हवंय त्यांना. मी समजावलं की हे सगळ्यांनाच विचारतात. नाव पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत जसं छापलंय अगदी तसं लिहा. पोलिशमध्ये एल अक्षरावर रेघ मारलेलं एक अक्षर असतं, त्याचा उच्चार वेगळा, पण पासपोर्टच्या त्या ओळीत ते साधं एल म्हणूनच येतं, तेच फॉर्ममध्ये टाकायचं.

आणि आडनावाची गंमत अशी की पोलिश लोकांत पुरुषाचं आडनाव स्की ने संपत असेल तर बाईचं स्का ने संपतं. आम्ही आईच्या नावाच्या रकान्यात स्का लिहिलं, एका काउंटरवरच्या माणसाने ते स्पेलिंग चुकलंय म्हणून फॉर्म परत केला. मग सासूबाईंच्या पासपोर्टची झेरॉक्स दाखवली तेव्हा घेतला. तुमच्याही घरच्यांच्या नावात असं काही असेल तर त्यांच्या पासपोर्टची एक झेरॉक्स बरोबर ठेवा.

फॉर्मसोबत अपोस्टिलवालं सर्टिफिकेट, तुमच्या भारतीय पासपोर्टची प्रत, इथल्या पत्त्याचा पुरावा, आणि तुमचं एक पत्र, की हा माझा नवरा आहे आणि इथे माझ्याकडे राहणार आहे, राहण्याखाण्याची जबाबदारी माझी. फोटो दोन बाय दोन इंचाचा, पांढऱ्या बॅकग्राउंडचा. हे लक्षात ठेवा कारण पुढे ओसीआयला नेमका उलटा नियम आहे, तिथे बॅकग्राउंड फिकट रंगाचं लागतं पण पांढरं चालत नाही, आणि तेच जुने फोटो अपलोड केले की अर्ज अडकतो.

पासपोर्ट परत आला की तिथेच उभं राहून स्टिकर वाचा. घरी येऊन नाही. प्रकार एक्स आहे का, एंट्रीच्या पुढे मल्टिपल लिहिलंय का, तारखा बरोबर आहेत का, आणि खाली बारीक अक्षरात काय सूचना छापलीय. आमच्या स्टिकरवर पोचल्यावर १४ दिवसांत नोंदणी करा असं होतं. त्या बारीक ओळीवर पुढचं सगळं अवलंबून असतं.

निघायच्या आधी एक छोटं काम, परदेशी प्रवाशांना १ ऑक्टोबर २०२५ पासून ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या ७२ तासांत, फुकट आहे.

आता नोंदणी. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर इथे आल्यापासून १४ दिवसांत नाव नोंदवायचं असतं. हे काम एफआरआरओ कडे, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी ऑफिसाकडे असतं, मुंबईत त्यांचं स्वतःचं ऑफिस आहे, जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हे काम बघतात. पण आता अर्ज ई-एफआरआरओ च्या पोर्टलवर होतो, आणि बहुतेक वेळा जावं लागत नाही, बोलावलं तरच जायचं. पासपोर्ट, व्हिसाचं पान, विमानतळावरचा शिक्का असलेलं पान, मॅरेज सर्टिफिकेट, तुमचं हमीपत्र, पत्त्याचा पुरावा, सगळं स्कॅन करून टाकायचं. शिक्का पुसट उमटला असेल तर विमानतळावरच परत मारून मागा.

यात लोक विसरतात ते फॉर्म सी. परदेशी माणूस ज्या घरात उतरतो त्या घरमालकाने २४ तासांत ते कळवायचं असतं, हॉटेलवाले करतात तसंच. घर सासऱ्यांचं असलं तरी. आमच्याकडे बाबांनी भरला. रात्री अकराला नवरा प्रवासाने थकून झोपलेला आणि बाबा चष्मा लावून, महावितरणचं बिल मांडीवर घेऊन, एका बोटाने टाइप करत होते, नातं काय या रकान्यात अडकले आणि मला विचारतात, इथे जावई असं काही नाहीये का गं. शेवटी रिलेटिव्ह टाकलं. भाड्याच्या घरात राहणार असाल तर घरमालकाशी हे आधी बोलून घ्या, काही जण परदेशी भाडेकरू म्हटलं की कचरतात, त्यांना सांगा की फॉर्म भरायला पंधरा मिनिटं लागतात आणि तो भरला की तेही निर्धास्त.

चौकशीला आमच्या घरी एक हवालदार आले होते. कागद बघितले, चहा घेतला, आणि पोलंड वाचून म्हणाले, आमच्या वळिवड्यात होती की पोलंडची माणसं, माझी आजी सांगायची. खरंच होती, दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, आजचं गांधीनगर आहे तिथे. नवऱ्याला हे माहीत होतं पण कोल्हापूरच्या पोलिसाकडून ऐकून तो गप्पच झाला, मग त्यांना बराच वेळ प्रश्न विचारत बसला आणि मी भाषांतर करत होते.

नोंदणीचं प्रमाणपत्र ईमेलवर पीडीएफ म्हणून येतं. त्याची प्रिंट पासपोर्टसोबत कायम ठेवा. घर बदललं की पोर्टलवर पत्ताही बदलायचा, आम्ही पुण्याला आलो तेव्हा केला. व्हिसाची मुदत संपायला महिना-दोन महिने असतानाच वाढवून घ्या, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. नवीन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालाय, चार जुने कायदे जाऊन हा एक आलाय, त्यामुळे कुणी जुन्या कायद्याचं नाव घेऊन काही सांगितलं तर पोर्टलवर जाऊन स्वतः वाचा.

एक्स व्हिसावर नोकरी करता येत नाही, हे लग्नाआधीच दोघांनी नीट बोलून घ्या. इथे येऊन कळलं तर खूप त्रास होतो. कामाची सवय असलेला माणूस घरी बसतो, भाषा येत नाही, आणि आपण सकाळी ऑफिसला जातो. आमचे पहिले सहा महिने त्यामुळे अवघड गेले. त्याने त्या वेळात मराठी शिकायला घेतलं, आईबरोबर मंडईत जायला लागला, पण तरी पैशाचं गणित एकाच पगारावर बसवून ठेवा.

दोन वर्षं झाली की ओसीआय. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ मध्ये हे आहे, लग्न नोंदवलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं, शिवाय सुरक्षा तपासणी होते. जो स्वतः किंवा ज्याचे आईवडील, आजीआजोबा पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक होते त्याला मिळत नाही. भारतात अर्ज केला तर फी १५,००० रुपये, बाहेरून केला तर २७५ डॉलर. दोघांनाही बोलावू शकतात, एकत्र फोटो, एकत्र पत्त्याचे कागद हवेत, म्हणून पहिल्या दिवसापासून जॉइंट बँक खातं, भाडेकरार दोघांच्या नावावर, हे करत चला. ओसीआय झालं की नोकरी करता येते, परत परत नोंदणी नाही, कितीही वेळा ये-जा. मतदान नाही, आणि शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, त्यामुळे गावाकडची जमीन त्याच्या नावावर करू असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा.

लग्नावरून मिळालेलं ओसीआय लग्नावरच टिकून असतं, घटस्फोट झाला तर ते रद्द होऊ शकतं. आणि नवरा नवीन पासपोर्ट काढेल तेव्हा तीन महिन्यांत त्याची प्रत, ताजा फोटो आणि लग्न टिकून असल्याचं लेखी निवेदन पोर्टलवर टाकायचं असतं, ते काम फुकट आहे, मी त्याच्या पासपोर्टच्या मुदतीची तारीख आत्ताच फोनमध्ये लावून ठेवलीय.